गुंडाळलेला दोर

पारोळा,
दि. १० डिसेंबर २०२५

चि. रूपास,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. मालवणचा खारा वास सदऱ्याला अजून आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली, म्हैस बरी आहे. शेजारचा मगन रोज विचारतो, "आबा, मासा कितला मोठा व्हता?" मासा नव्हे, डॉल्फिन, असं मी त्याला तुझ्यासारखंच चिडून सांगतो.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर मी कापसाच्या भावावर घसरतो आणि सांगायचं ते राहून जातं.

पाठीला हवेचा सिलिंडर लावून तू समुद्रात खाली गेलीस, तेव्हा मला भीती वाटली नाही. शिकवणारा सोबत होता. भीती नंतर वाटली. परतताना ते पाच-सहा डॉल्फिन बोटीजवळ आले, तेव्हा सगळे फोन काढून उभे राहिले. तू उठलीस. धरून वर यायला बोटीमागे सोडलेला दोर वर ओढलास आणि गोल, नीट गुंडाळून ठेवलास. "दोर पाहून ते बुजतात," म्हणालीस आणि उडी घेतलीस.

ते तुझ्याभोवती फिरत होते. तू त्यांच्यासोबत एकदा खाली गेलीस, दोनदा गेलीस. तिसऱ्यांदा इतका वेळ लागला की नाखव्यानं शिट्टी मारली. वर आलीस ती हसत. "आबा, वर यावंसंच वाटेना." सगळे हसले. मी त्या गुंडाळलेल्या दोराकडे पाहत होतो.

दिवाळीपासून तू धड जेवत नाहीस. ललितरावांचं नाव निघालं की उठून जातेस. नवरा-बायकोत काय बिनसलं, ते मी विचारलं नाही. न विचारणं ही माझी जुनी खोड.

रूपा, तुझ्या आईला पोहता येत होतं.

ती विहिरीत बुडाली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पाय घसरला, पोहता येत नव्हतं, असं मी तुलाही सांगितलं आणि गावालाही. लग्नानंतर मीच तिला आपल्या विहिरीत शिकवलं होतं, भर दुपारी, शेतात कुणी नसताना. सुनेनं पोहणं कुणाला रुचलं नसतं. तीही खालून म्हणायची, "वर येवानं मनच व्हत नही." मी हसायचो.

आपल्या विहिरीला पायऱ्या नाहीत. वर यायचं ते दोर धरूनच. त्या दिवशी मी गेलो, तेव्हा दोर काठावर होता. गोल, नीट गुंडाळलेला. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तो मी आधी आत सोडला. मग आरोळी ठोकली.

तिला काय होत होतं, ते मी तिला विचारलं नाही. नंतर कुणालाच विचारू दिलं नाही. त्याची मला लाज वाटते.

जानेवारीत तू पुन्हा तिकडे जाणार आहेस, एकटी. जाऊ नको म्हटलं तरी तू थोडीच ऐकणार. शनिवारी सकाळच्या एसटीनं मी धुळ्याला तुझ्याकडे येतोय. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी करीन, तू बोल. नाही बोललीस तरी बसून राहीन. मालवणलाही येईन.

आणि या खेपेला दोर पाण्यातच राहू दे. डॉल्फिन बुजले तर बुजू देत.

दोराचं वरचं टोक धरून बसलेला,
तुझा आबा