पंच्याखालचा हात

९ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा तेच. चहा पाजून मी यांच्या खाटेवर जरा टेकले, तर यांनी डाव्या हातानं माझा पदर ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून बोटं चिवडायला सुरुवात! मी हात काढून घेतला. ‘पुरे हो आता’ म्हटलं, जरा जोरातच. यांनी तोंड भिंतीकडे केलं.

श्रावणात झटका आला तेव्हाच उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. हे बोटांचं मात्र दिवाळीनंतर सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात होतं असं, लक्ष देऊ नका. बत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या चुळबुळीकडे लक्ष दिलं, आता नवऱ्याच्याच चुळबुळीकडे देऊ नका म्हणे!

११ जानेवारी, शनिवार

पुण्याहून केयूरचा फोन. तिथल्या शुश्रूषा केंद्रात जागा होतेय, महिनाअखेरपर्यंत कळवायचं. दिवाळीत यांच्या खाटेपाशी उभं राहूनच त्यानं हे काढलं होतं. बाबांना तिथं ठेवू, आई, तू सेलूतच राहा, तुला आता झेपत नाही.

पोरगा खोटं बोलत नाही. परवा यांना उठवताना माझी कंबर अशी धरली की दोघंही तासभर खाटेवर बसून राहिलो. दोघांपैकी कोण कोणाला उठवणार!

पण ज्याला पाठवायचं त्याला विचारावं कसं? हो म्हणायचं असलं तरी मान तशीच हलते, नाही म्हणायचं असलं तरी तशीच. यांना न विचारता यांचं ठरवायचं, हे माझ्या जिवाला पटत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ कुस्करून भरवला. मिशीला तीळ लागला. पुसताना हसले. किती दिवसांनी!

१६ जानेवारी, गुरुवार

शेजारची सविता मागेच लागलीय. जुन्या कापूस यार्डात फिरायला-खरेदीला नवा चौक झालाय, तिच्या बचत गटाला तिथं गाळा मिळालाय. “बाई, काकांना आणा की एकदा. लय भारी केलंय. भावाची चाकाची खुर्ची देते मी.”

त्या यार्डात यांनी चाळीस वर्षं कापसाची दलाली केली. बाजार दुसरीकडे गेल्यावर तिथं नुसत्या बाभळी माजल्या होत्या. यांना तिथं न्यावं का? जुनं आठवून खचले तर? पण घरात तरी कुठं खुलतात. नेतेच एकदा.

१९ जानेवारी, रविवार

गेलो! आत्ताच लिहून काढते.

ऑटोतून उतरवताना दोघं-तिघं धावून आले. “अप्पाराव शेट आले!” यांनी डावा हात कपाळाला लावला, पूर्वी लावायचे तसा. माझे डोळे भरून आले, पण चेहरा मास्तरणीचाच ठेवला.

कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं आता फरशी आणि कडुनिंबांभोवती पार. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या शेडमध्ये चित्रं लावलीत. सरकीच्या गोदामात गोधड्या, पापड, मातीची भांडी. पूर्वी या फाटकातून बाई आत शिरली तर लोक वळून बघायचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी आज पहिल्यांदा आत पाय टाकला! ‘यार्ड घरात आणायचं नाही आणि घर यार्डात न्यायचं नाही’ हा यांचा नियम. आज तिथं सगळ्या गाळ्यांवर बायाच मालकिणी.

सविताचे धपाटे दह्यात कुस्करून भरवले. दीड खाल्ला यांनी. हुरडा मी एकटीनंच संपवला, लाज न बाळगता. मग एका गाळ्यावर लाल काठाचा पंचा घेतला, मऊसूत, आणि यांच्या खांद्यावर टाकला. शोभला!

शेडच्या भिंतीवर परभणीची एक मुलगी, अर्पिता, मोठं चित्र काढत होती. समोरासमोर दोन माणसं, मधे हातांवर कापड. कापडाखाली काय चालायचं हे तिला नीट माहीत नव्हतं. पारावर बसलेल्या मुंजाजींना तिनं विचारलं. ते इथले जुने हमाल.

मुंजाजींनी सांगितलं ते असं. भाव तोंडानं बोलायचा नाही, शेजारचा ऐकेल. समोरच्याचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. अंगठा दाबला की कबूल. आणि हात काढून घेतला की सौदा मोडला.

मी ऐकतच राहिले. तेवढ्यात यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, माझ्या हातावर टाकला. आणि मी सवयीनं हात मागे घेतला.

“वैनी, हात काढू नका,” मुंजाजी म्हणाले. “मालक बोलायलेत तुमच्याशी.”

हात परत पुढे केला. यांनी माझी दोन बोटं धरली. घट्ट. आणि माझ्याकडे बघत राहिले. मुंजाजींनी विचारलं, “दोन काय, मालक?” धपाटे? चहा? मी एकेक विचारत गेले. अंगठा काही दाबला नाही.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी पंचा टाकून विचारलं, पाणी? अंगठा दाबला. उशी उंच करू? हात काढला. खिडकी उघडू? अंगठा! केवढं बोललो आम्ही आज!

दुपारी भांडी घासता घासता रडू कोसळलं. दिवाळीपासून हा माणूस रोज माझ्याशी बोलतोय, आणि त्याच्या भाषेत मी रोज सांगतेय, सौदा मोडला. मी बाई इतकी शहाणी!

२१ जानेवारी, मंगळवार

दोनचा उलगडा होत नाही. दोन गोळ्या नाही. दोन उशा नाही. दोन वाजता नाही. संध्याकाळी मीच वैतागले. यांनी मात्र दोन बोटं सोडली नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

केयूरचा फोन. स्पीकरवर ठेवला होता. म्हणाला, आई, बाबांसाठी एकच खाट उरलीय, आज सांग. यांनी पंचा ओढला. तीच दोन बोटं.

मी विचारलं, “आपण दोघं?”

अंगठा दाबला. सोडेचनात.

केयूरला म्हटलं, एक खाट नको. जिथं राहू तिथं दोघं. कंबरेसाठी मदतीला बाई ठेव म्हणाला, ते मात्र कबूल केलं.

अक्षर वाकडं येतंय. वर्गाला सुलेखन शिकवलं मी, पण उजवा हात अजून पंच्याखाली आहे, काढवत नाही.