टँकरमुक्त गाव

११ एप्रिल १९९९, रविवार

विहिरी मोजून झाल्या. सगळ्या! आणि माझ्याच नियमानं – ज्याची विहीर त्यानं दोर धरायचा नाही. गेल्या साली जो तो आपल्याच विहिरीत दोर सोडायचा आणि मनाला येईल तो आकडा सांगायचा. कुणाला पाणी मिरवायचं होतं, कुणाला लपवायचं होतं. यंदा म्हटलं, एकमेकांच्या विहिरी मोजा. थोडी कुरकुर झाली, तोंडं वाकडी झाली, पण ऐकलं.

उपसरपंच गोरक्षआबांच्या विहिरीत दोर मी सोडला. पदर खोचून काठावर उभी राहिले. आबा म्हणतात, "सरपंचबाई, आत पडाल, मंग माझ्यावर केस व्हईल." म्हटलं, पडले तर तेवढंच पाणी वर येईल, तुमचा आकडा वाढेल. सगळे हसले. दोराला हाताहातावर गाठी मारल्या होत्या. वर काढून ओल्या गाठी मोजल्या तर गेल्या सालच्या दुप्पट! ऐन उन्हाळ्यात! तीन वर्षं बांधबंदिस्ती केली, माती उपसली, त्याचं हे पाणी. फार आनंद झाला. लपवत नाही.

१४ एप्रिल

वस्तीवर जयंती. विहारापासून वेशीपर्यंत नाचले. सरपंचानं नाचू नये म्हणणाऱ्यांच्या समोरच नाचले. पाय ठणकतायत, आज लिहीत नाही.

१७ एप्रिल, शनिवार

पंचायत समितीला पाठवायचा प्रगतीचा अहवाल भरला. ग्रामसेवक 'झाडे लावली' म्हणून मोठा आकडा लिहीत होते. मी म्हटलं, लावली किती ते राहू द्या, जगली किती ते लिहा. "मॅडम, असं कुणी लिहीत नाही." म्हटलं, आपण लिहू. बिचारे उन्हात झाडं मोजत फिरले. घामाघूम होऊन आले, तेव्हा चहा पाजला.

शेवटचा रकाना टँकरचा. गावातले लोक आपापल्या शेतातल्या विहिरींवरून पाणी आणतात. टँकर येतो तो फक्त आमच्या वस्तीसाठी. आमची सार्वजनिक विहीर माळावर, खडकात. तिला बांधबंदिस्तीचा काही उपयोग झाला नाही, टँकर त्याच विहिरीत रिकामा करतात. सरकारी नियमात जवळ पाणी असेल तर टँकर लागत नाही असं धरतात. आणि पाणी जवळ आहेच की – आबांची विहीर, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. आबांना सगळ्यांदेखत विचारलं. लगेच म्हणाले, "न्या की. पान्याला कोन न्हाई म्हनतंय?"

लिहिलं – टँकरची गरज नाही. सही केली. माझी सही, मी केलेली. शेजारच्या गावात सरपंचबाईची सही नवरा करतो म्हणे.

रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्यांना आनंद होईल वाटलं होतं. पण आमच्या भागिरथीबाई कसल्या खूश होतायत. भाकरी मोडत म्हणाल्या, "टँकरचं पानी सरकारचं असतं. कुनाला इचारावं लागत न्हाई." म्हटलं, आत्याबाई, तुमचा काळ गेला. तुमची सून सरपंच आहे. त्या ताट उचलून उठल्या. मला थोडा रागच आला. माझं माहेर कोल्हारचं, दाराशी प्रवरा. पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची सवय मला नाही.

२८ एप्रिल, बुधवार

नगरहून साहेब आले तपासणीला. सावेडीच्या बंगल्यातून निघालेले, पांढरे बूट घालून. दोन विहिरी स्वतः मोजून बघितल्या. आमच्या आकड्याशी तंतोतंत! बूट मात्र लाल झाले. सभेत म्हणाले, "असा खरा अहवाल मी दुसरा पाहिला नाही." गाव टँकरमुक्त म्हणून जाहीर केलं. टाळ्या. आबांच्या केशरबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यापरीस बरं चालवता तुमी." मनापासून म्हणाल्या. अंगावर मूठभर मांस चढलं.

५ मे

टँकर गेल्या आठवड्यातच बंद झाला. वस्तीच्या विहिरीत होतं तेवढं आजपर्यंत पुरलं, आता तळाचा गाळ येतोय. पण आबांच्या विहिरीवर कुणी जाईना! बाया लांब नदीकडं चालल्या, झरे उकरायला. मी वाटेत अडवलं. म्हटलं, आबांनी सगळ्यांदेखत शब्द दिलाय, लाजता कशाला? त्यांच्यातली मुक्ताबाई म्हणाली, "तू जा की आधी. मंग आमी येतो."

जाते की. त्यात काय! उद्या सकाळी सगळ्यांसमोर हंडा भरून आणते.

६ मे, गुरुवार

गेले. केशरबाई विहिरीवरच पाणी शेंदत होत्या. हसून "या, सरपंचबाई" म्हणाल्या. मी पोहऱ्याला हात लावायला गेले, तशा पुढं आल्या. "तुमी वाईच खाली उभ्या ऱ्हावा. मी वरून वतते तुमच्या हंड्यात."

म्हटलं, गेल्या महिन्यात याच काठावर उभी राहून मी दोर सोडला होता.

"ते सरकारी काम हुतं," म्हणाल्या. अगदी गोडीनं. रागानं म्हणाल्या असत्या तर भांडले तरी असते.

विहिरीत पाणी किती, हे आम्ही नीट मोजलं. ते कुणी काढायचं, हा रकाना कुठंच नव्हता, आणि मलाही सुचला नाही. आत्याबाईंनी सांगितलं तर त्यांनाच गप्प बसवलं.

हंडा रिकामा घेऊन सगळ्या वस्तीसमोरून परत आले. उद्या पहिल्या एसटीनं तालुक्याला जाते. लिहून देते – आमचं गाव टँकरमुक्त नाही. कारण विचारलं तर तेही लिहून देते.