दुसऱ्या ट्रकच्या मॅनिफोल्डाविषयी

नाशिक,
कार्तिक वद्य पंचमी, शके १९१९

चि. दिनेश यास अनेक आशीर्वाद. कळवणची मंडळी खुशाल असतील असे गृहीत धरतो (तू गाडीखेरीज कोणाचीच खुशाली कळवत नाहीस, तेव्हा दुसरा मार्ग नाही). तुझी ताई ठीक. माझे पुढे येईलच.

पहिल्या ट्रकला बसवला तसाच बाहेरचा इनटेक मॅनिफोल्ड दुसऱ्यालाही बसवावा का, आणि पूजेला मी येईन का, असे तू विचारतोस. संस्कृतच्या मास्तराला इंजिनाचा सल्ला विचारणारा मेहुणा विरळा, तरी सांगतो. फायदे निर्विवाद आहेत. इंजिनाला हवा वाटून देणारी ही नळ्यांची जोडणी. कंपनीची अरुंद, गोटीराम मिस्त्रीने इथल्या द्वारका चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेली ऐसपैस. धूर कमी, डिझेल कमी. तुझा ड्रायव्हर सहादू सांगत होता, "गुरुजी, गाडी लय मोकळी झाली. मुंबईहून खत भरून येताना कसारा घाट तिसऱ्या गिअरमधी चढली."

आता तोटे. खंडेनवमीला गोटीरामच्या पिंपळगावच्या गॅरेजात तो मॅनिफोल्ड पाटावर मांडून पूजा सांगितली ती मीच. हत्यारांना गंध-फूल वाहायचे आणि उठायचे, विधी एवढाच. पण वीस वर्षे गल्लीतले गणपती बसवून जीभ त्याच वाटेला लागली, आणि मी प्राणप्रतिष्ठा करून मोकळा झालो. (हे प्राण पूजा करणाऱ्याच्या श्वासातून फुलावर, फुलातून मूर्तीत जातात, असे शास्त्र आहे. मी ते वर्गात हसत सांगत असे.) चूक आरतीत लक्षात आली, पण तू इतक्या भक्तीने घंटा बडवत होतास की बोलवेना.

तेव्हापासून फळ्यावर लिहिता लिहिता मला एकाएकी धाप लागते. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसे उत्तम आहेत. शेवटी तुझ्या ताईने धापेच्या वेळा कॅलेंडरवर टिपल्या आणि सहादूच्या फेऱ्यांशी ताडून पाहिल्या. मंगळवारी सकाळी साडेनऊ, कसारा घाट. शनिवारी साडेअकरा, पुन्हा तोच. उतारावर मला झोप लागते (शाळेत हे नवीन नसल्याने कोणी दखल घेतली नाही).

परवा सहादूने गाडी शाळेसमोर लावली. इंजिन बंद, लोखंड गार. मी बॉनेटला कान लावला. आत कोणीतरी सावकाश श्वास घेत होते. मी श्वास रोखला, तेही थांबले. मी सोडला, तेव्हा आतूनही सुटला. सहादूने ऐकले आणि तो म्हणाला, "हे तुमचंच हाय, गुरुजी." आता तो चपला काढून केबिनमध्ये चढतो.

तेव्हा दुसऱ्याला जरूर बसव. पूजेला मात्र दुसरा कोणी बघ.

तुझा,
भाऊजी

ता. क. खरे मागणे असे : शनिवारी पहिला ट्रक इकडे आण. उत्तरपूजा करून, फूल हुंगून माझे मला परत घेतो. मग घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागेल, तेवढे सोस. तोवर माल कमी भर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना लक्षात आले की दुपारी तीनपासून मी श्वास घेतलेला नाही. त्रास काही नाही, चहाही झाला. तुझ्या ताईने नाकापुढे आरसा धरला, तो स्वच्छ राहिला. तुझ्या घरी फोन केला, तर तुझी लेक चैताली म्हणाली, तू गोटीरामकडे गेला आहेस. पहिल्या ट्रकचा मॅनिफोल्ड उतरवून दुसऱ्याला माप जुळते का, ते पाहतो आहेस. गॅरेजात फोन नाही, म्हणून हे पत्र पिंपळगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो. माप जुळत असेल तर बसव. जुळत नसेल, तरी कुठेतरी बसव.