खांद्यावरची बोटं

बाबा,

तुमच्या दुकानातला जुना लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडलाय आणि त्यातले फोटो माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये जाताहेत. जाताहेत कसले, सरपटताहेत. झाकण बिजागरीपाशी तुटलंय म्हणून मागे लेकीचं दप्तर टेकवलंय, आणि वायर जरा हलली की तो बंद पडतो. दादानं अकोल्याचा स्टुडिओ बंद करून गाळा भाड्यानं दिला, तेव्हा हा भंगारात जाणार होता. आई म्हणाली, "तिले द्या तो. तिनंच शिकवलं होतं त्याईले." मग मी तो मांडीवर घेऊन एसटीनं अमरावतीला आणला. जिवंतपणी तुम्ही माझ्या घराची पायरी चढला नाहीत. आता तुमची सगळी कमाई माझ्या टेबलावर आहे आणि ती कुठं ठेवायची ते मी ठरवणार आहे. खोटं कशाला बोलू, सकाळी याचा मला थोडा आनंदच झाला होता.

फोटो एकेक करून समोर सरकतात. अकोल्यातली लग्नं, मुंजी, बारशी, गोरक्षण रोडवरच्या दुकानांची उद्घाटनं. हे सगळं मी ओळखते, कारण यातले निम्मे चेहरे मी उजळले आहेत. रीळ संपून डिजिटल आलं तेव्हा तुम्ही लॅपटॉप घेतलात आणि आठवडाभर त्याला हात लावला नाहीत. मी कॉलेजातून थेट दुकानात यायची. कूलर नुसता गरम वारा फेकायचा आणि तुम्ही माझ्याशेजारी स्टुलावर बसून शाळेतल्या पोरासारखे विचारायचे, "आता हा डाग कसा काढू?" मी दाखवायची. शेजारची जागा उचलायची आणि डागावर ठेवायची, सावकाश, काठ जुळवत. एकदा नवरीच्या मागे उभा असलेला कुणीतरी मी पुसून दाखवला, तर तुम्ही हसून मांडीवर थाप मारलीत. "बाप्पा! माणूसच गायब केला व तुनं." त्या दिवशी तुम्ही म्हणालात, अकोल्यात सगळ्या पाट्यांवर 'अँड सन्स' लिहितात, मी 'अँड डॉटर' लिहीन. पाटी रंगवायला टाकली नाहीत, पण म्हणालात. एवढं मोठं बक्षीस मला नंतर कुणी दिलं नाही.

मग मला अमरावतीला शाळेत नोकरी लागली आणि तिथं गणित शिकवणारे हे भेटले. मी अकोल्याला येऊन सांगितलं तो दिवस मला वास-चवीसकट आठवतो. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर बसून वांग्याची भाजी खाताय. घराणं कोणतं, गाव कोणतं, एवढं तुम्ही शांतपणे विचारता. मी म्हणते, ते बौद्ध आहेत. तुम्ही ताटातच हात धुता.

"बाबा, परवाच तर तुम्ही त्यांच्यातल्या लग्नाचे फोटो काढून आले. पंगतीत जेवून आले. जेवण चांगलं होतं म्हणाले."

"तो धंदा हाये," तुम्ही म्हणालात. "धंद्यात जात नसते. घरात असते."

आई पोळी तव्यावर तशीच विसरली. तुम्ही उठलात आणि दारातून म्हणालात, "जाऊन राहिली तर जा. पन मांगं वळून पाहू नोको. मी बी पाहनार नाही." ओरडला असतात तर मी भांडले असते. तुम्ही गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगितलंत.

त्या घरात मी पुन्हा पाऊल टाकलं ते तुमच्या तेरवीला. समोरच्या भिंतीवर दिवाळीचा फोटो होता, तुम्ही टायमर लावून पळत येऊन काढलेला. तुम्ही, आई, दादा. आईच्या मागे मी उभी होते तिथं पडदा होता. चुण्यासुद्धा नीट जुळलेल्या. मी शिकवलं होतं तसंच, सावकाश, काठ जुळवत. लोक बुंदी खात त्या फोटोखाली बसले होते. फक्त आईच्या खांद्यावर, तिच्या पदरावर, माझी बोटं राहिली होती. हात नाही, मनगट नाही, नुसती बोटं.

बाबा, त्या बोटांवर मी इतकी वर्षं काढली. बाकीची सगळी मुलगी पुसलीत, पण तिथं येऊन तुमचा हात थांबला असेल, असं मी धरून चालले. यांना तसं सांगितलं. लेकीलाही सांगितलं, की आजोबा वाईट नव्हते, बघ, बोटं ठेवली. तुम्हाला माफ करायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

आज दुपारी दोन्ही फोटो आले. मूळचा आणि तुम्ही केलेला. मी लगेच अकोल्याला फोन लावला. आईला आता ऐकू कमी येतं. मी ओरडून विचारलं, "आई, बाबांनी त्या फोटोत माझी बोटं काहून ठेवली?"

"ते कायले ठेवतीन?" आई म्हणाली. "त्याईनं समदंच पुसलं असतं. मी तटी उभी होती. मी म्हटलं, मांगचं कितीबी पुसा, माह्या आंगाले हात लावसान तर आजपासून तुमच्या घरात चूल नाही पेटनार. दोन दिवस नाही पेटवली. मंग सोडून देलं त्याईनं तसंच."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तू खुश होती ना तेच्यावर. राहू देलं."

म्हणजे तेही तुमचं नव्हतं. भुकेपुढं तुम्ही हात थांबवलात, माझ्यापुढं नाही. फोन ठेवल्यावर मी तुमचा फोटो निवडला, पुसून टाकायच्या बटणावर आले आणि मग म्हटलं, नको. ही माझ्या आईची बोटं आहेत. तुमची कारागिरी त्यांच्याभोवती पडून राहू दे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. ते याच लॅपटॉपमध्ये राहील. पण एक गोष्ट मी यांनाही सांगितलेली नाही. तुमचे फोटो संपलेत, आता माझ्याच लॅपटॉपमधले माझ्या लग्नाचे फोटो सरकताहेत. फोटोग्राफर बेकार होता, सगळ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारत होता, आणि सारखा ओरडत होता, "मॅडम, इकडं पाहा." प्रत्येक फोटोत मी बाजूला बघते आहे. सासूबाई अजून म्हणतात, सूनबाई फार लाजत होती. मी लाजत नव्हते, बाबा. हॉलचं दार त्या बाजूला होतं.