सातवा रकाना

प्रिय ठकू,

तुझा लांबलचक मेसेज सोमवारी आला. आईने चष्मा शोधून तो दोनदा वाचला आणि कपाट आवरायला घेतलं. आठवड्याच्या मधेच कपाट आवरायला काढलं की समजायचं, बाईसाहेबांच्या मनात काहीतरी खदखदतंय. मी फोन करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू म्हणतेस सगळं ठीक, मी म्हणतो सगळं ठीक, आणि आई मागून ओरडते की जेवली का ते विचारा. म्हणून पत्र लिहायला बसलो. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

तर तू कोर्स सोडायचं म्हणतेस. म्हणजे तू 'थांबवते' असं लिहिलं आहेस, पण बापाला शब्दांनी गुंडाळू नकोस. सकाळी प्रयोगशाळेत विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या, दुपारी वर्ग, संध्याकाळी त्या खानावळीच्या मागच्या बाजूला ताटं विसळायची. कर्जाचे पैसे आले की फीमध्येच जातात, भाड्याला पुन्हा तीच ओढाताण. साबणाने बोटांची सालं निघाली, हे तू आईला लिहिलंस, मला नाही. आता पाणी तपासणारी एक कंपनी पक्की नोकरी देते आहे, आणि राहिलेलं वर्ष नंतर करू, असं तुझं म्हणणं. ठकू, मीही एकदा नंतर करू म्हणून वर्ग सोडले होते. ती पुस्तकं पुढे कितीतरी वर्षं माळ्यावर होती.

आत्याचे गुडघे तसेच आहेत. जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी हासडते, पण तुझी चौकशी केल्याशिवाय बसत नाही. अजून तुला 'आमची डॉक्टरीण' म्हणते. तू पाण्याचा अभ्यास करतेस हे मी शंभरदा सांगितलं, तर म्हणते, पाण्याला काय आजार होत नाहीत का? बँकेत तुझ्या कर्जाला ती जामीन राहिली, तेव्हा बाबा का नाहीत, असं तू विचारलं होतंस. माझ्या पगारापेक्षा आत्याची नर्सची पेन्शन बँकेला पक्की वाटते, असं मी सांगितलं आणि तू मान डोलावलीस. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

कारखान्यात काचा घासायचं नवं मशीन आल्याचं मी तुला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. चष्म्याच्या ज्या काचेला मला अर्धा तास लागायचा, ती ते चार मिनिटांत काढतं, आणि कड अशी की बोट फिरवून बघावं. पुढचं मात्र सांगितलं नव्हतं. तुझी पदवी झाली त्याच वर्षी आम्ही सहा कारागीर होतो त्यांचे दोन उरलो. मालक भला माणूस, त्याने मला काढलं नाही. आठवड्यातून तीन दिवस जातो, तयार काचा पुसतो आणि पाकिटात भरून वर नंबर लिहितो. फोरमन अशी हाक अजून मारतात, सवयीने. पगार निम्म्याहून कमी झाला. आई पाळणाघरात कामाला जाते ती वेळ जात नाही म्हणून नव्हे. हे तुला कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण पुढचं आहे ते माझं एकट्याचं आहे आणि ते आईलाही मी कालच सांगितलं.

विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आठवतो ना? तू तो माझ्यासमोर टेबलावर ठेवलास आणि माझं पेन चालत नव्हतं म्हणून तुझं दिलंस. सातवा रकाना पालकांच्या वार्षिक उत्पन्नाचा होता. दाखला मागितला नव्हता, पालकाची सही पुरत होती. तू शेजारी उभी राहून बघत होतीस. मी फोरमनचा जुना पूर्ण पगार बाराने गुणून लिहून टाकला. आमच्या मालकाच्या चष्म्याच्या दुकानात काही गिऱ्हाइकं डोळे तपासताना भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात, जाड भिंगाचा चष्मा लागल्याचं कुणाला कळू नये म्हणून. मग चुकीचा चष्मा घालून दारावर आपटतात. अशा लोकांवर मी आयुष्यभर हसलो, आणि पोटच्या पोरीसमोर तेच केलं.

महिन्याभराने नकार आला, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त म्हणून. खरा आकडा लिहिला असता तर आपण त्या मर्यादेच्या कितीतरी खाली होतो. तू ते पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि मला म्हणालीस, जाऊ द्या बाबा, आपल्यापेक्षा गरजू मुलं असतील, त्यांना मिळू दे. वर मलाच वाईट वाटलं असेल म्हणून चहा करून आणलास. मी तो प्यायलो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. आठ दिवसांनी तू कर्जाचे कागद घेऊन आलीस. तुझी ताटं विसळणं, तुझी बोटं, सगळं त्या एका रकान्यातून आलं आहे. मला फार लाज वाटते, बाळा. थकलोही आहे हे लपवून लपवून.

काल मी तुमच्या विद्यापीठाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाई आधी खेकसल्या, मग नीट ऐकून घेतलं. गेलं वर्ष परत मिळणार नाही. पण दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, मालकाचा पगाराचा दाखला आणि गेल्या वर्षीचा आकडा चुकीचा होता असं पालकाचं लेखी निवेदन जोडलं तर. मिळेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. दोन्ही कागद सोबत ठेवले आहेत. निवेदनावर विद्यार्थ्याचीही सही लागते, म्हणजे तू ते वाचणारच, म्हणून आधी हे पत्र. खरं सांगतो, तुझी सही लागली नसती तर मी अजूनही गप्पच बसलो असतो. कंपनीला लगेच हो म्हणू नकोस. माझा राग येईल, येऊ दे, त्याला माझी ना नाही. फक्त अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते आणि रागाची संपत नाही, तेव्हा आधी कागद देऊन ये.

तुझाच,
बाबा