मानाचा नारळ आणि विलायती निकाल

१९ ऑक्टोबर १९३४, पाली.
परवा दसऱ्याला मानाचा नारळ गेनबाला दिला! गेनबा म्हणजे माझा भाडेकरू! पाटील म्हणाले, मान त्या घराचा हाय राव, आन् घरात ऱ्हातो गेनबा, मग तुमास्नी कसा द्यावा? भोर कोर्टात तीस वर्षं नकला उतरवल्या त्या काय उगाच? याला हाकलीन तरच नावाचा आनंदराव. पुढचा नारळ माझ्या हातात.

२७ नोव्हेंबर.
पुण्याच्या जुन्या बाजारातून विलायती खटल्यांचं पुस्तक आणलं. जुनं, पण कुणी उघडलेलंच नाही. पुष्कळ पानं कडेला अजून जोडलेली. पहिलाच खटला माझा! मालकाने भाडेकरू रेल्वे कंपनीला नोटीस दिली, सहा महिन्यांत डागडुजी करा. कंपनी म्हणाली, त्यापेक्षा उरलेला भाडेपट्टा तुम्हीच विकत घ्या. बोलणी चालली, मुदत टळली, मालकाने कोर्ट गाठलं. निकाल : मालक जिंकला. पुढची पानं जोडलेली. जिंकल्यावर पुढे काय वाचायचं?

१ डिसेंबर.
गेनबाला नोटीस दिली. सहा महिन्यांत वासे बदला, कौलं परता, नाहीतर चालते व्हा.

१४ जानेवारी १९३५.
गेनबा तिळगूळ घेऊन आला. म्हणाला, पट्ट्याची नऊ वर्सं उरलीत, ती तुमीच घ्या इकत. म्या पासलीला भावाकडं जातो, मग वाशांचा खर्च कशापायी? हुबेहूब विलायत!
ठकुबाई म्हणाली, अहो, घ्या की, दसऱ्याच्या आत घर आपलं. बायकांना सूड कळत नाही. तो आपल्या पायांनी गेला तर मी हाकलू कुणाला? गेनबाला म्हणालो, बघू.

२८ मे.
आजवर अकरा वेळा 'बघू' म्हणालो. गेनबा वाशांना हात लावत नाही. रावांचं ठरू द्या म्हणतो. बिचारा. ('बिचारा' खोडणे.)

३ जून.
मुदत संपली. दावा दाखल. वकील नको. पुस्तक आहे.

१९ ऑगस्ट, भोर.
न्यायाधीशसाहेबांपुढे पुस्तक ठेवलं, खूण घालून. त्यांनी वाचून मान डोलावली. मी गेनबाकडे बघून मिशीला पीळ दिला.
मग साहेबांनी पट्टेवाल्याकडून चाकू मागवला आणि जोडलेली पानं कापली. वाचतच राहिले. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला होता म्हणे. मालक थेट विलायतेतल्या सगळ्यांत वरच्या कोर्टात, लॉर्डांकडे गेला, तिथेही हरला. बोलण्यात गुंतवून ठेवलं तर तो काळ मुदतीत धरता येत नाही.
साहेब म्हणाले, आनंदराव, दाखला उत्तम आणलात, फक्त गेनबाच्या बाजूचा. दावा फेटाळला. गेनबाला आणखी सहा महिने.
बाहेर त्याला म्हटलं, बरं, घेतो पट्टा विकत. तो म्हणाला, न्हाई राव, आता वासं घालनार, हितंच ऱ्हानार.
लॉर्डांना खरमरीत पत्र लिहिणे.

८ ऑक्टोबर.
दसरा झाला. नारळ गेनबाला. अजून आठ दसरे! आज सकाळी तो अर्धा नारळ घेऊन दारात आला. म्हणाला, राव, घर तुमचं, अर्धा मान तुमचा.
मी आतूनच सांगितलं, नको. ठकुबाईने घेतला. वड्या केल्या.
चार खाल्ल्या. गोड होत्या. त्याचाच जास्त संताप येतो.