आईचा नेम

५ फेब्रुवारी २०२४

हिंजवडीची बस चुकली म्हणून चरफडत घरी परतलो, तर स्वयंपाकघरात घंटी वाजली. देवघरातली नव्हे — आमच्या कंपनीच्या ॲपची! खऱ्या पैशाने शेअर घेतला की वाजते ती. आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाऊन मीच तो आवाज निवडला होता.

आई कणीक मळत होती. पिठाचा हात वर धरून करंगळीने मोबाइलवर टिचकी मारली होती तिने. मला बघून म्हणाली, "काही नाही रे माधव, आजचा नेम केला."

ॲपमधल्या खोट्या पैशांच्या खेळातला नाही. खराखुरा! बाबांच्या फंडातून तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यात घातलेत. किती घातलेस, विचारलं. "तुला उशीर होतोय," म्हणाली.

६ फेब्रुवारी

कामात लक्ष लागेना. वेडाचार आहे हा सगळा. 'रोपटं' आम्ही नवशिक्यांना गुंतवणूक शिकवायला काढलं. खोटे पैसे, सोपे धडे, पायऱ्या, बक्षिसं. रोज एक व्यवहार केला की पडद्यावरच्या रोपाला पान फुटतं, खंड पडला की रोप वाळतं. इंग्रजीत त्याला स्ट्रीक म्हणतात. मराठीत 'नेम' म्हणू या, हे माझं डोकं! आपल्याकडे नेम मोडायला माणसं घाबरतात. आमच्या साहेबांनी, दिग्विजयसरांनी, तेव्हा पाठ थोपटली होती.

सगळ्या पायऱ्या झाल्या की हिरवं बटण येतं — 'खऱ्या बाजारात उतरा'. आईने दाबलं.

संध्याकाळी तिला समजावलं. अगं, खेळात बुडालीस की ॲप पुन्हा पैसे देतं, इथे कोणी देत नाही. ती म्हणाली, "तेवढं कळतं मला. चाळीस वर्षं संसार केलाय."

८ फेब्रुवारी

आई सकाळी शेअर घेते, दुपारी विकते. रोज थोडं थोडं जातं. घेऊन ठेव आणि वर्षभर बघूसुद्धा नकोस, असं सांगितलं. चौथा धडा आहे तो, मीच लिहिलाय.

"मग रोज काय करू?"



९ फेब्रुवारी

सरांकडे गेलो. रोजच्या व्यवहाराचं पान काढून टाका, धडा वाचला तर पान द्या, म्हटलं. आईचं नाव नाही काढलं. लाज वाटली.

सर हसले. "धडे वाचून कंपनीला काय मिळणार माधव? जरा कुठे मराठी ॲपचे आकडे हलायला लागलेत आणि तू त्याच्यावर पाणी ओततोस? मार्चअखेर ठरणार आहे, मराठी विभाग ठेवायचा की नाही. लक्षात आहे ना?"

आहे की. विभाग म्हणजे मी आणि दीपाली, दोन खुर्च्या आणि एक कॉफीचा मग. दीपालीला परत येऊन सांगितलं तर म्हणाली, "सरांना तू सल्ला दिलास? तुझा सत्कार करायला हवा."

१२ फेब्रुवारी

आज पुन्हा घंटी. मी अंघोळीला गेलोय हे बघून केलं.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातून फोन आला. आईने ऑपरेशन पुढे ढकललंय — मला न विचारता! घरी येऊन तिचा मोबाइल हिसकावून घेतला. महिनाभर हे चाललंय म्हणे; खात्यात जे उरलंय त्यात ऑपरेशन सोडा, नुसत्या तपासण्याही होणार नाहीत.

ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका कधी ओरडलो नव्हतो. जिने उतरताना कठडा धरून रडतेस ते काय मला दिसत नाही? ती म्हणाली, "हळू बोल. शेजारी ऐकतील." आणि माझ्यासमोर ताट ठेवलं. जेवलो नाही. मग गॅलरीत जाऊन रडलो. काय करू? कोणाला सांगू? जगाला पैसे सांभाळायला शिकवतो म्हणे मी!

१४ फेब्रुवारी

मोबाइल लपवला होता. संध्याकाळी बघतो तर बाईसाहेब खालच्या मालनबाईंच्या मोबाइलवरून आपलं खातं उघडून बसलेल्या. लंगडत तीन जिने उतरून गेली होती!

१५ फेब्रुवारी

केलं. ऑफिसच्या संगणकावरून आईचा नेम मीच मोडला. रोपटं वाळवून टाकलं. पैशाच्या खात्याला मला हात लावता येत नाही, पण नेमाला येतो. नेमच मोडला तर मन उडेल तिचं. आता एवढाच उपाय उरला होता. सापडलो तर नोकरी जाईल. जाऊ दे.

१६ फेब्रुवारी

मोबाइल परत दिला. वाळकं रोप बघून आईने तो बंद करून पुन्हा चालू केला. "असं कसं झालं? मी तर रोज न चुकता केलं." सर्व्हरचा घोळ असेल, असं पुटपुटलो. तिचा चेहरा बघवेना. वाटलं, सुटलो एकदाचे!

बाजार उघडायच्या वेळेला चष्मा पुसून पुन्हा बसली. पहिल्या पानापासून.

१८ फेब्रुवारी

रविवार. बाजार बंद. आई चष्मा लावून रोपाच्या त्या एका पानाकडे बघत बसली होती. मला या घरात श्वास घेता येत नाही.

२० फेब्रुवारी

आज न राहवून सांगून टाकलं — तुझा नेम मी मोडला. आईने कपाळावर हात मारला. "वेड्या, मग मार्चमध्ये साहेबांना काय दाखवशील?"

दिवाळीत मी दीपालीशी फोनवर बोलत होतो, ते हिने ऐकलं होतं. मी म्हणत होतो, मराठी माणसं खऱ्या बाजारात उतरत नाहीत, उतरली नाहीत तर आमचं काही खरं नाही.

"मी एकटी करून काय होणार? म्हणून भिशीतल्या सगळ्याजणींना खऱ्या बाजारात उतरवलंय. मालनबाईंनी तर पाटल्या मोडल्या. तू नको काळजी करूस. तुझी नोकरी आता कुठे जात नाही."